भिंत आमची, टीव्ही कोणाचा

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी जानेवारीत बेअरिंगवाल्याने दिली होती. दहा महिने ती माझ्या पत्राकामाच्या वर्कशॉपमधल्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली होती. आज बाहेर काढली आणि पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवला. मोशीच्या फ्लॅटची किल्ली मिळाली. एवढ्या मोठ्या गोष्टीची कुठेतरी नोंद पाहिजे.

सातवा मजला. हॉलची एक भिंत अशी की ना खिडकी, ना दार, ना कोपरा. टीव्हीसाठीच जन्माला आलेली भिंत.

वास्तुशांत तीस तारखेला, रविवारी. माझं एक ठरलेलं आहे. या घरात जे येईल ते माझ्या कमाईचं. सासुरवाडीचा चमचासुद्धा नको. याला कारण नानासाहेब.

नानासाहेब म्हणजे शालनचा थोरला भाऊ, माझा मेव्हणा. चाकणच्या पलीकडे शेती, गोठा, दाराशी पिकअप. बावीस वर्षांपूर्वी मी प्रेस मशीनवर कामाला आणि काळेवाडीत पत्र्याच्या खोलीत भाड्याने. लग्नाच्या मांडवात दोनशे माणसांसमोर हे गृहस्थ म्हणाले, "ह्यो गडी माझ्या बहिणीला पत्र्याखाली भाजून काढणार." त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. म्हणजे बोलतो, पण शालनमार्फत. एका खाटेवर शेजारी बसलेले असलो तरी ते म्हणतात, "शाले, दाजींना सांग." मी म्हणतो, "तुझ्या भावाला सांग."

पत्रिकेवर तळाशी छापून घेतलं: 'कृपया आहेर आणू नये.' लोक हे वाक्य शोभेला छापतात. मी एका माणसासाठी छापलं. शालनने नमुना वाचला आणि "बरं" म्हणाली. बायको "बरं" म्हणाली की विषय संपला.

फ्रिज, सोफा, वॉशिंग मशीन झालं. टीव्ही तेवढा राहिला. दोन दिवसांचं काम.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवारी भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी, म्हणून मी, शालन आणि हर्षाली चिंचवडच्या शोरूमला गेलो. हर्षाली माझी मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एवढ्या शिक्षणात तिला बापाची लाज वाटायला लागली आहे, म्हणजे फी वाया जात नाहीये.

शोरूममध्ये भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांत तोच एक पोपट. विक्रेता म्हणाला, "सर, कलर बघा." मी डोळे मिटले. माणसं टीव्ही डोळ्यांनी निवडतात, तिथेच फसतात. मी बावीस वर्षं पत्रा ऐकतोय. प्रेसचा ठोका पडला की न बघता सांगतो, कापणारी डाय बोथट झाली की पत्रा जाड आला. टीव्हीसुद्धा मागून एक डबाच की. मी प्रत्येकामागे हात घालून बोटाने टिचकी मारत गेलो.

"सर, आवाज समोरून येतो," विक्रेता म्हणाला.

"खरा आवाज मागूनच येतो, राव. माणसाचं आणि मशीनचं सारखंच."

हर्षाली पंख्यांच्या विभागात निघून गेली.

पाचवा टीव्ही मला पसंत पडला. पंचावन्न इंची, टिचकीला भरीव. पण शालनने मान हलवली. म्हणाली, "यात माणसं फार गोरी दिसतात. आपल्या ओळखीची वाटत नाहीत."

विक्रेत्याने रंग गडद करून दाखवला. ती म्हणाली, "आता आजारी दिसतात."

असं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. अभिमान वाटला. माझ्या संगतीत बाई तयार झाली.

८ नोव्हेंबर, शनिवार

मापाचा प्रश्न आहे. पंचावन्न, पासष्ट की पंचाहत्तर? आमच्या धंद्यात पहिला पीस पास झाल्याशिवाय माल काढत नाहीत. आज भैरूला घेऊन तिन्ही मापांचे पत्रे कापले, कडा वाकवल्या आणि काळं मॅट पावडर कोटिंग करून आणलं. भैरू माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे, प्रश्न विचारत नाही. आज विचारला.

"शेठ, याच्यात चित्र कुठून येणार?"

"चित्र नाही यायचं. हा नमुना आहे."

"मग वायर कशाला लोंबती सोडली?"

"खरं वाटायला."

भैरूने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि बराच वेळ पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण डोळ्यांना त्रास नाही याचा. सिरियलपेक्षा बरं."

१० नोव्हेंबर, सोमवार

काल नव्या घरात राहायला आलो. आज पासष्टचा पत्रा भिंतीवर लावला. समोर सोफ्यावर तिघं बसून बघितलं. हर्षाली म्हणाली, "पप्पा, आपण पत्रा बघतोय." मी म्हटलं, अंतर बघ. ती म्हणाली, "अंतर पण दिसत नाहीये."

तेवढ्यात शेजारच्या नेहाताई साखर मागायला आल्या. भिंतीकडे बघून थबकल्या. "अय्या, किती पातळ! नवीन मॉडेल का हो?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "बाजारात अजून आलेलं नाही."

संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांवरची माणसं बघून गेली. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, बंद असताना इतका काळा म्हणजे चालू झाल्यावर काय दिसेल! शालन सगळ्यांना चहा देत होती आणि पदराने तोंड झाकून खोकत होती. नव्या रंगाचा वास तिला सोसत नसावा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरी शोरूम, पिंपरीची. टिचकी परीक्षेत तीन टीव्ही पास. शालनचे शेरे: पहिल्याचे पाय कोंबडीचे आहेत. दुसऱ्याचा रिमोट डावखुऱ्यासाठी केलाय. तिसऱ्याकडे तिने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "का कोण जाणे, याच्यावर विश्वास बसत नाही."

विक्रेता माझ्या कानाशी आला. "सर, मॅडमना घ्यायचा आहे ना टीव्ही?"

"अहो, घ्यायचा आहे म्हणूनच. खरं गिऱ्हाईक खोट काढतं."

घरी आल्यावर मी बाथरूममध्ये असताना ती बाल्कनीत फोनवर कोणाशी तरी बोलत होती. पाणी चालू असलं तरी माझ्या कानाला भिंत आड येत नाही. "नऊ फूट भिंत. हो, मी स्वतः मोजली... नाही रे, त्यांना कळलं नाही... तू फक्त लवकर कर, मी किती दिवस अडवून धरू?"

पडदेवाला असणार. नवे पडदे लावून मला चकित करायचा तिचा बेत. मीही काही ऐकलं नाही असं दाखवलं. बायकोचा आनंद कशाला मोडा.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज नानासाहेबांना पत्रिका द्यायला गेलो. पोस्टाने पाठवणार होतो, पण शालन म्हणाली, भावाला अक्षत हातात द्यावी लागते. नाशिक रस्त्यावरच्या गर्दीत दीड तास गेला. दीड तासात ती फक्त एकदा बोलली: "दादा आला नाही तर माझी वास्तुशांत झाली असं मी समजणार नाही."

अंगणात एकच खाट. त्यावर उजवीकडे नानासाहेब, डावीकडे मी, मध्ये अडकित्ता. शालन समोर पायरीवर. नानासाहेबांनी चष्मा लावून पत्रिका वाचली. तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. बोट बराच वेळ तिथेच होतं.

"शाले, दाजींना इचार, घरात समदं घेऊन झालं का?"

"अहो, दादा विचारतोय..."

"ऐकलं. तुझ्या भावाला सांग, सगळं झालं. स्वतःच्या पैशाने. टीव्ही तेवढा राहिलाय, तो पण बघून ठेवलाय."

"व्हय का. इचार, केवढा बघितला?"

आता मला संधी होती. म्हटलं, "सांग त्याला, टीव्ही म्हणजे काही म्हैस नाही की दात बघितले आणि घेतली. माझा अभ्यास झालाय." मग मी शालनकडे बघत त्यांना सगळं ऐकवलं. पंचावन्न म्हणजे कंजुषी. पासष्ट लोक लाजेखातर घेतात. आमच्या भिंतीला खरं तर पंचाहत्तरच्या वरचाच शोभतो. आवाज भरीव पाहिजे, मागचं कव्हर थरथरता कामा नये. स्टँड नको, भिंतीवरच. काळा रंग चकचकीत नको, मॅट.

नानासाहेब पत्रिकेच्या मागे पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते. दुधाचा हिशोब असावा. माणसाला रीत नाही. समोरचा बोलतोय आणि हे आपलं दूध लिहितायत.

"इचार, आन् ते मॅट म्हंजी कसं?"

"आपल्या पाटीसारखं," शालन म्हणाली. मला न विचारताच म्हणाली.

निघताना ते गोठ्याकडे बघत म्हणाले, "शाले, सांग दाजींना, अभ्यास लई चांगला केलाय." टोमणाच होता. पण मी त्यांची जिरवली चांगली. परत येताना शालन गाडीत गाणं गुणगुणत होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज बस झालं म्हणून निघालो. पासष्टचा एक पसंत केला, पैसे द्यायला खिशात हात घातला, आणि शालनने मनगट धरलं. "आज अमावास्या आहे. काळी वस्तू घरात आणायची नाही."

मी म्हटलं, पत्रा महिनाभर... म्हणजे दहा दिवस काळाच भिंतीवर आहे.

"तो पत्रा आहे. त्याला काही कळत नाही."

पैसे खिशातच राहिले. घरी आल्यावर हर्षालीने पत्र्यावर चुंबकाने लाइटबिल, वाण्याची यादी आणि कॅलेंडर लावलं. म्हणाली, हा टीव्ही निदान उपयोगी तरी आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पाच दिवस राहिले. आज कोणालाही न सांगता भोसरीतून पंचावन्नचा टीव्ही घेऊन टाकला. टिचकीसुद्धा मारली नाही. फक्त तीस तारखेच्या आधी भिंतीवर माझा टीव्ही पाहिजे, मग नानासाहेबांनी येऊन खुशाल बघावं. डिलिव्हरी शनिवारी, एकोणतीसला. बिल शर्टाच्या खिशात ठेवलं आणि शर्ट धुवायला टाकला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

टीव्ही आला नाही! दुकानाला फोन केला. मुलगी म्हणाली, "सर, डिलिव्हरी आता एक तारखेवर ढकललीय. मॅडमचा फोन आला होता."

"कोण मॅडम?"

"तुमच्या मॅडम, सर. बिल नंबर सांगितला त्यांनी."

आमच्या घरात कोणाला पत्ताच नाही तर मॅडम कुठून येणार? दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाईकाशी घोळ घातला. अशा लोकांमुळे धंदे बुडतात. चांगलं सुनावलं. शालन शेजारी बसून इस्त्री करत होती, म्हणाली, "जाऊ द्या हो, एवढं काय. बिचाऱ्यांची चूक झाली असेल." शर्ट मात्र बाईने कडक इस्त्री केला होता, बिल खिशात घडी करून जसंच्या तसं.

म्हणजे उद्या भिंतीवर पत्रा. लाइटबिल काढून घेतलं आणि वरून झेंडूची माळ सोडली.

३० नोव्हेंबर, रविवार

अक्षर वाकडं येतंय. पण आजचं आजच लिहायचं.

नऊ वाजता मी पितांबर नेसून पाटावर बसायच्या तयारीत. गुरुजी समिधा मांडत होते. सात मजले खालून एक इंजिन ऐकू आलं. तिसऱ्या सिलिंडरला ठोका. नानासाहेबांची पिकअप. शालन आधीच बाल्कनीत उभी होती.

खाली वाकून बघितलं. पिकअपमध्ये एक खोकं उभं. दरवाजा असतो ना घराचा, तेवढं.

मी तसाच लिफ्टने खाली उतरलो. गुरुजी ओरडत होते, "यजमान! मुहूर्त!" मनात वाक्य तयार होतं: तुझ्या भावाला सांग, पत्रिका परत वाच. पण खाली आल्यावर लक्षात आलं की शालन वरच राहिली आहे. सांगायला माणूसच नाही.

नानासाहेब फेटा बांधून, नव्या धोतरात. खोक्यावर मोठ्या अक्षरात पंच्याऐंशी. त्यांनी ते लिफ्टशी नेलं. लिफ्टने नकार दिला. उभं जाईना, तिरकं जाईना. माझी माणसं वर पातेल्यांपाशी, पिकअपचा ड्रायव्हर पार्किंगवरून वॉचमनशी भांडतोय. नानासाहेबांनी आजूबाजूला बघितलं, फेटा घट्ट केला, आणि एकटेच खोक्याची एक कड धरून ते जमिनीवर आडवं पाडायला लागले. पायऱ्यांवरून ओढत नेणार होते!

"आडवा करू नका! पॅनेल फुटेल! आडवा करायचा नसतो!"

हे मी ओरडलो. सरळ त्यांना.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. ते गोठलेच. खोकं तिरकं, आम्ही दोघं दोन बाजूंना.

"मग कसा न्यायचा, दाजी?" ते म्हणाले. सरळ मला.

"उभाच. तुम्ही वर व्हा, मी खालून धरतो. पाठीने नाही, गुडघ्यातून उचला."

"गुडघं न्हाई राह्यलं. पाठच हाय."

निघालो. सात मजले. खोकं एवढं मोठं की मला ते दिसत नव्हते, त्यांना मी दिसत नव्हतो. मी म्हणायचो "डावीकडे", ते म्हणायचे "कुणाची डावी?" दुसऱ्या मजल्यावर माझा पितांबर सुटायला लागला. तिसऱ्यावर त्यांचा फेटा सुटून माझ्या तोंडावर आला. नेहाताई लिफ्टने खाली जात होत्या, जाळीतून म्हणाल्या, "अजून एक घेतला?"

पाचव्या मजल्यावर खोकं टेकवून थांबलो. दोघंही धापा टाकत. मग खोक्यापलीकडून आवाज आला, हळू, "दाजी, मांडवात मी बोललो... ते माझं चुकलं. तवा बहिणीची काळजी व्हती, अक्कल नव्हती."

माझ्या कानाला प्रेसच्या गोंगाटात पडलेला स्क्रू ऐकू येतो.

मी म्हटलं, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"म्या म्हनलं, माझं चुकलं."

"खोक्यामुळे नीट येत नाही आवाज."

"चुकलं, चुकलं, चुकलं!" ते एवढ्याने ओरडले की चौथ्या आणि सहाव्या मजल्यावरची दारं उघडली. "आता उचलता का? न्हायतर हितंच बसवा!"

उचललं. वरचे दोन मजले मी एक पायरीसुद्धा चुकलो नाही.

दारात शालन ताट घेऊन उभी होती. आमचे चारही हात खोक्याला, म्हणून तिने भावाला कुंकू लावलं, मग मला, मग घाईत खोक्यालाही लावलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. होमाचा धूर फार झाला होता, अर्थात होम अजून पेटायचा होता, पण उदबत्त्या बऱ्याच होत्या.

आहेर नको हे मी सांगायचं राहूनच गेलं. आता सात मजले स्वतः वाहून आणलेली वस्तू आहेर कशी म्हणायची? निम्मी मजुरी माझी आहे.

जेवणं झाल्यावर भैरूने टीव्ही भिंतीवर बसवला. पंख्याची आणि ट्यूबलाइटची बटणं त्याच्या मागे गेली. सोफ्यावर बसलं की फक्त मध्यभाग दिसतो. सगळं चित्र बघायचं तर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहावं लागतं. बसवल्याबरोबर नानासाहेबांनी मागे हात घालून टिचकी मारली आणि माझ्याकडे बघितलं.

मी डोळे मिटून ऐकलं. म्हटलं, "भरीव आहे."

खरं तर जरा थरथरतोय.

१ डिसेंबर, सोमवार

दुकानाचा गोंधळ संपत नाही. टेम्पोवाल्याचा फोन: "सर, चाकणला पोचलो, गोठ्याच्या कुठल्या बाजूला येऊ?" म्हटलं, कसला गोठा? तर पंचावन्नचा टीव्ही घेऊन तो नानासाहेबांच्या दारात. पत्ता म्हणे मॅडमनीच बदलून दिला. मी रागाने शालनला सांगितलं, तर म्हणाली, "बरं झालं की. भावाने आहेर केला तर त्याला परत मानपान करावा लागतो. तुम्ही काय देणार होतात?"

मी काही ठरवलंच नव्हतं. कधीकधी दुसऱ्याचा मूर्खपणाही आपल्या कामी येतो. दुकानदाराला माफ केलं.

लगेच नानासाहेबांचा फोन आला. शालनच्या नाही, माझ्या फोनवर.

"दाजी, ह्ये काय धाडलंय? आमच्याकडं हाय टीव्ही."

"केवढा?"

"बत्तीस."

"नानासाहेब, त्याला टीव्ही म्हणत नाहीत. बसवायला माणूस पाठवू?"

"माणूस कशाला? तुमीच या. त्ये भोकं पाडायचं मशीन आणा. आन् जेवायलाच या."

गुरुवारी सुट्टी आहे, जाईन म्हणालो. ड्रिल, टेप, लेव्हल पिशवीत काढून ठेवली. शालनला विचारलं, "सकाळी आठला निघू. तयार राहशील ना?"

ती ओट्यापाशी उभी राहून पंच्याऐंशी इंचावर कसलीशी सिरियल बघत होती. वळलीसुद्धा नाही.

"मी कशाला? तुमचं तुम्ही बोला आता."